बावन्नावं पान

१८ जून

मावशे,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र. आई म्हणाली, "तिला लिहून विचार, मग बघ कशी मुद्देसूद उत्तरं येतात."

काम असं आहे. आपल्या कंपनीकडची शेवटची बगळी या डिसेंबरात निवृत्त होतेय. तुम्ही हँगरवाल्यांनी त्या विमानाला ठेवलेलं नाव इतकं चिकटलंय की आता साहेबसुद्धा बगळीच म्हणतात. तर त्या निमित्ताने साहेबांनी माझ्या गळ्यात एक काम मारलं आहे. या जातीच्या विमानांना जगभरात जेवढे जीवघेणे अपघात झाले, त्या सगळ्यांचा इतिहास लिहायचा. शिकाऊ मेकॅनिक आणि वैमानिकांसाठी. पन्नास वर्षं, नऊ अपघात, चारशे अकरा माणसं. प्रत्येक अपघाताला दोन पानं: काय झालं, का झालं, नंतर काय बदललं. सप्टेंबरअखेर छापायला जाणार.

दिवसभर अभिलेख विभागात बसून हेच वाचते. जेवायच्या सुट्टीत घास तोंडात फिरतो नुसता. कुणाच्या खिशातलं परतीचं तिकीट, कुणाचा एकच बूट. नवरा म्हणतो, घरी आलीस की जरा हस बाई.

पाच अपघात लिहून झालेत. सहावा आपला स्वतःचा आहे, आपल्याच हँगरमधून तपासून निघालेली बगळी. सत्तेचाळीस माणसं. शेपटीकडच्या बिजागरीचा बोल्ट तुटला. चौकशी अहवालात कारण एका ओळीत आहे: "मेकॅनिकने नवी सूचना उपलब्ध असूनही पाळली नाही." त्या मेकॅनिकचा परवाना गेला. तो माणूस अजून हयात आहे गं! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. दरवर्षी कंपनीला एक पत्र पाठवतो, सदतीस पत्रं आहेत फायलीत. मजकूर तोच. "मी वाचलेलं पान हे नव्हतं. माझ्या पानावर माझ्या अंगठ्याचा डाग होता. मरायच्या आत ती ओळ खोडा." चिवट म्हातारा आहे. साहेब म्हणतात, त्याचं नाव घालूनच छापायचं, म्हणजे पोरांना धाक बसेल.

तू तेव्हा तिथेच होतीस ना? काय आठवतं ते लिही.

तुझी भिंगरी

२७ जून

भिंगरे,

आशीर्वाद घे आणि आधी नीट जेवत जा. मेलेल्या माणसांची यादी समोर ठेवून घास घ्यायला तुला सांगितलं कुणी?

मी तिथे होते, पण विमानाला हात लावायचं काम माझं नव्हतं. माझं काम पानांचं. बगळी कशी तपासायची, कुठला स्क्रू किती पिळायचा, हे सगळं ज्या मॅन्युअलमध्ये असतं, त्याच्या सहा प्रती आपल्याकडे होत्या. कड्यांच्या जाड फायली, एकेक उचलताना कंबर मोडायची. विमान बनवणारी कंपनी अधूनमधून बदललेली पानं पाठवायची. जुनं पान काढायचं, नवं घालायचं, मग नोंदवहीत त्या प्रतीपुढे तारीख आणि सही. आधी पान, मग सही. जुनं पान फाडून जाळायचं, म्हणजे चुकूनही कुणाच्या हाती लागायला नको. एकतीस वर्षं हेच केलं. लोक हसायचे, म्हणायचे, या बाईंना बारा महिने नुसती पानगळ.

पण ती पानं उगीच येत नसत. कुठेतरी एक बगळी पडायची आणि चार-सहा महिन्यांनी आमच्याकडे एक पान यायचं. तुझा पहिला अपघात, धुक्यात डोंगरावर आदळलेला, तो माझ्यासाठी उंचीच्या काट्याचं पान. तिसरा, पंखावरच्या बर्फाचा, त्याची तर सात पानं आली. पाचवा परदेशात झाला, एकतीस गेले. त्यातून जे पान आलं त्यावर लिहिलं होतं की बिजागरीचा बोल्ट नुसता भिंगातून बघून सोडू नका, दिसायला कितीही धड असो, काढा आणि नवा घाला. तुझ्या सहाव्याशी संबंध आहे तो त्याच पानाचा. बावन्नावं.

त्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणायचे. हात फार चांगला होता त्यांचा. याहून जास्त मला आठवत नाही.

एक ऐक. त्यांचं नाव घालू नकोस. म्हातारा माणूस आहे, कशाला त्याला पुस्तकात टांगायचं? साहेबाला सांग की मावशी म्हणते.

तुझी मावशी

९ जुलै

मावशे,

साहेब म्हणाले, "तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा," आणि नाव ठेवलंच. तू उगाच हळवी होतेस. सत्तेचाळीस माणसं गेली, एका माणसाच्या आळसामुळे. तपासणीच्या दिवशी, वीस ऑगस्टला, नवं पान फायलीत होतं. चौकशीत फाइल जप्त झाली तेव्हा ते होतं, नोंदवहीत सहीही आहे. आणि हा माणूस म्हणतो, पानच वेगळं! चौकशीच्या खोलीत म्हणे हशा पिकला होता. पुढे हँगरमध्ये त्याला अंगठेबहाद्दर म्हणायला लागले. उस्तादाचा अंगठेबहाद्दर झाला. वाईट वाटतं, पण करणार काय?

बरं, आता गंमत ऐक. नोंदवही सापडली! तुझं ते गोल गोल अक्षर बघून माझं मन भरून आलं. बावन्नावं पान, प्रत एक, दोन, तीन, पाच, सहा: तारीख अकरा ऑगस्ट, तुझी सही. आणि प्रत चार, तीच ती हँगरमधली: तारीख बारा ऑगस्ट, तुझी सही. बारा ऑगस्ट, मावशे! माझा जन्मदिवस! आई तर लहानपणापासून सांगत आली आहे की त्या दिवशी पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तू तिचा हात सोडला नाहीस, पाण्याला उठली नाहीस. मग सही करायला कोण गेलं होतं, तुझं भूत? एकाच वेळी दोन ठिकाणी असण्याची ही विद्या मलाही शिकव, घर आणि ऑफिस दोन्हीकडे उपयोगी पडेल.

साहेबांना दाखवली ती सही. म्हणाले, अशी माणसं होती म्हणून कंपनी चालली.

भिंगरी

१६ जुलै

भिंगरे,

तुझ्या आईला तेव्हा शुद्ध तरी होती का? दुपारी तिचा डोळा लागला, मी अर्ध्या तासात ऑफिसला जाऊन आले. दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. त्यात विद्या कसली?

जुन्या वह्या उकरत बसण्यापेक्षा पुस्तक संपव. मला गुडघ्याचा त्रास आहे, फार वेळ लिहायला बसवत नाही.

मावशी

२८ जुलै

मावशे,

तुला राग आला का? मी आपली चेष्टा करत होते. पण नंतर सहज आईशी बोलले. ती म्हणाली, "डोळा लागला? मला? तेरा तास कळा देत होते मी. ती उठली असती तर मी किंचाळले असते." आईचं तुला माहीतच आहे, तिला वाढवून सांगायची सवय. म्हणून मी ते मनावर घेतलं नव्हतं.

पण काल प्रत चार स्वतः पाहिली. अजून सीलबंद पेटीत आहे. प्रत्येक पान एकाच बाजूने छापलेलं, पाठ कोरी. एक्कावन्नाव्या पानाच्या कोऱ्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, एक पिवळट डाग आहे. तेलाचा. अंगठ्याएवढा, रेषा ओळखू येतात. फाइल मिटली की तो डाग बरोब्बर बावन्नाव्या पानाच्या कोपऱ्यावर बसतो. आणि बावन्नावं पान स्वच्छ आहे. तेव्हा कुणाला दिसला नसेल, ताजं तेल कागदात नुसतं ओलसर दिसतं. आता अडतीस वर्षांनी पिवळं पडलंय.

मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "डाग काय, कधीचाही असेल. सही आहे ना?" खरंच आहे, सहीपुढे डागाला कोण विचारतो?

मावशे, मी काहीतरी चुकीचं समजतेय असं तू मला लिही. लगेच लिही.

भिंगरी

१४ ऑगस्ट

मावशी,

परवा माझा वाढदिवस झाला. सदतीस वर्षांत पहिल्यांदा तुझं कार्ड आलं नाही. आई म्हणते, पोस्टात अडकलं असेल. मी हो म्हटलं.

तुझं पत्र येईपर्यंत मी सहाव्या अपघाताची पानं कोरी ठेवली आहेत.

भिंगरी

२२ ऑगस्ट

भिंगरे,

कार्ड आणलं होतं. त्यावर तारीख घालायला हात उचलेना.

सांगते सगळं. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहितेय.

ती पानं अकरा ऑगस्टला संध्याकाळी चारला आली. पाच प्रतींमध्ये पटापट घातली. चौथी हँगरमध्ये होती. मी पान घेऊन गेले, तर उस्ताद शिडीवर, फाइल त्यांच्या पायाशी उघडी, दुसऱ्याच कामाचं पान काढून ठेवलेलं. मला बघून म्हणाले, "बाई, आत्ता नका नेऊ, माझी जागा हरवेल. सकाळी पहिली तुम्हाला देतो." मी म्हटलं बरं. टेबलाशी येऊन वही बंद करायला घेतली, तर एकच ओळ रिकामी. मला रिकामी ओळ बघवत नसे. म्हटलं, सकाळी आल्याआल्या घालायचंच आहे. उद्याची तारीख घातली, सही ठोकली, पान खणात ठेवलं आणि घरी गेले. अकरा वर्षांत तोवर एकदाही असं केलं नव्हतं.

पहाटे तुझ्या आईच्या कळा सुरू झाल्या. पुढचं तुला पाठ आहे. तू झालीस, तिला ताप भरला, तो उतरेना. मी रजा वाढवत गेले. दिवसरात्र तुझी दुपटी आणि तिच्या कपाळावरच्या पट्ट्या. ते पान माझ्या डोक्यातून साफ गेलं. साफ म्हणजे साफ गं, एकदाही आठवलं नाही.

एकोणतीसला सकाळी मी तुझ्या बाटल्या उकळत होते आणि रेडिओवर बातमी आली. बगळी पडली. शेपटीचं काहीतरी तुटलंय असं उडताना वैमानिक बोलला होता, तेवढंच सांगितलं. माझ्या हातातली बाटली खाली पडली. मला त्या क्षणी बावन्न आकडा दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ऑफिसात गेले. हँगरमध्ये सगळे सुन्न बसलेले, माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. फाइल उचलली, टेबलाशी आणली, जुनं पान काढलं, नवं घातलं. कड्या बंद झाल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, बाकी काही ऐकू येत नसलं तरी. नऊ वाजता चौकशीवाले आले आणि फाइल घेऊन गेले.

जुन्या पानावर खालच्या कोपऱ्यात उस्तादांच्या अंगठ्याचा डाग होता.

त्यांनी वीस तारखेला त्या पानात सांगितलं होतं तसंच केलं होतं. बोल्ट भिंगातून पाहिला, तडा नव्हता, सोडला. त्यांची काडीचीही चूक नव्हती. चौकशीत मला विचारलं, "ही सही तुमचीच?" मी म्हटलं, माझीच. एवढंच विचारलं. उस्ताद समोरच्या बाकावर होते. ते माझ्याकडे बघत होते, पण संशयाने नाही. त्यांना वाटत होतं, बाई कधी खोटी सही करणार नाहीत, म्हणजे आपलंच काही चुकलं असेल. तो चेहरा मी अडतीस वर्षं बघतेय.

का बोलले नाही? भ्याले. नोकरी जाईल, तुरुंगात टाकतील, म्हणून भ्याले. आणि नंतर स्वतःची समजूत घातली की बोलले तर कुणीतरी तुला म्हणेल, तुझ्या जन्मापायी सत्तेचाळीस माणसं गेली. तुझ्यासाठी गप्प आहे, असं म्हटलं की झोप लागायची.

मावशी

२९ ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र चारदा वाचलं. पहिल्यांदा रडले. चौथ्यांदा वाचताना फार राग आला. तोच लिहिते.

माझ्या जन्माच्या आड लपू नकोस. मी तेव्हा अठरा दिवसांची होते, मला यात ओढायचं नाही. रजेवर असताना विसरलीस ती चूक झाली, ती कुणाच्याही हातून झाली असती. पण तीस तारखेला सकाळी सातला तू विसरली नव्हतीस. तेव्हा मला दूध पाजायला घरी दुसरं कुणीतरी होतं.

आणि तू मला जून महिन्यात लिहिलंस, त्याचं नाव घालू नकोस, म्हातारा आहे. मी तुला हळवी समजले! किती मूर्ख मी.

मी त्यांच्या पत्रांची फाइल पुन्हा काढली. एकोणिसाव्या पत्रात आहे, "माझी पत्नी गेल्या महिन्यात वारली. शेवटपर्यंत तिने मला विचारलं नाही की खरं काय. ती विचारत नव्हती याचंच मला जास्त लागायचं." मी तुला हे मुद्दाम लिहून पाठवतेय.

साहेबांकडे तुझं पत्र घेऊन मी जाऊ शकते. गेले नाही. ते म्हणतील, म्हाताऱ्या बाईला भास होतात, भाचीला दया आली. नोंदवहीत तुझी सही आहे आणि ती ओळ खोडेल असं कागदावर दुसरं काहीच नाही. पुस्तक तीस सप्टेंबरला जातं. त्यानंतर ते नाव छापील होईल आणि प्रत्येक शिकाऊ मेकॅनिक ते पाठ करेल.

त्यांचा पत्ता खाली दिला आहे. तुझ्या गावापासून बसने तीन तास. मी सोबत येणार नाही.

आज एकोणतीस ऑगस्ट आहे, तुझ्या लक्षात असेलच.

भिंगरी

१२ सप्टेंबर

भिंगरे,

काल जाऊन आले. गुडघ्याला पट्टा बांधला, बसमध्ये खिडकीशी बसले, तीन तासांत एक शब्द मनात जुळला नाही.

तुला एक सांगितलं नव्हतं. जुनं पान जाळायचं असतं. ते मी जाळलं नाही. काडी पेटवली होती, पण तो डाग बघितला आणि विझवली. अडतीस वर्षं ते माझ्या कपाटात, साड्यांच्या खालच्या वर्तमानपत्राखाली होतं. दरवेळी कपाट आवरताना वर्तमानपत्र बदलायचे आणि ते पुन्हा तसंच ठेवायचे. ते घेऊन गेले.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली. दारात शिवणयंत्रं, मिक्सर, एक सायकलचा पंप, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. परवाना गेल्यापासून हीच कामं करतात. खोली लख्ख. भिंतीवर हत्यारं मापाप्रमाणे टांगलेली, हँगरमध्ये असायची तशीच. त्यांनी मला लगेच ओळखलं. "बाई! या, या. तुमच्यात काही फरक नाही." चहा करायला उठले. मी म्हटलं, उस्ताद, बसा. त्यांना त्या नावाने हाक मारल्यावर ते दचकले.

मी पान त्यांच्यापुढे ठेवलं. आधी त्यांनी ते वाचलं, वरपासून खालपर्यंत, चष्मा लावून, जसं काम करायच्या आधी वाचतात तसं. मग कोपऱ्याकडे आले. आपला अंगठा त्या डागावर ठेवला. आता तो सुजून वाकडा झालाय, पण ठेवला.

"कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या कपाटात."

"अडतीस वर्षं?"

मी मान हलवली. मग सगळं सांगितलं, तुला लिहिलं होतं तसंच. तुझ्या जन्माचं सांगितलं नाही. घरी अडचण होती एवढंच म्हटलं. तू म्हणालीस ते मला पटलंय.

मला वाटलं होतं ओरडतील, हाकलून देतील. ते म्हणाले, "बाई, मला वेड लागलंय असं मला वाटायचं. मीच तो डाग कल्पनेत बघितला असेल. बायकोला कधी शपथेवर सांगता आलं नाही, कारण माझीच खात्री उरली नव्हती." मग तोंड फिरवून बसले. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. म्हणाले, "ते नको. माफी मागायला आला असाल तर मी देऊ शकत नाही. खोटं कशाला बोलू? लिहून द्या."

त्यांनी वही काढली, पेन दिलं. मी लिहिलं. अकरा ऑगस्टला मी बारा तारखेची सही केली. पान घातलं नाही. तीस तारखेला, अपघातानंतर, पान बदललं. मेकॅनिकने जे पान वाचलं त्याप्रमाणे काम बरोबर केलं होतं. सत्तेचाळीस माणसांच्या अपघाताला माझी सही कारणीभूत आहे. पूर्ण नाव, हुद्दा, पत्ता. अक्षर नीट आलं.

लिहून झालं आणि मी खाली सही करायला पेन टेकवलं, तशी त्यांनी माझं मनगट धरलं. या वयातही पकड घट्ट आहे.

"थांबा, बाई. आधी मला वाचू द्या. मग सही."

त्यांनी तो कागद दोनदा वाचला. एका ठिकाणी म्हणाले, "'बिजागरीचा बोल्ट' असं लिहा, नुसता 'बोल्ट' नको, शेपटीत चौदा बोल्ट असतात." मी दुरुस्त केलं. मग उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि अकरा सप्टेंबरवर, त्याच दिवसाच्या तारखेवर, बोट टेकवलं.

"आता करा," म्हणाले.

तो कागद आणि ते पान त्यांच्याकडेच आहे. तुझ्या साहेबाला घेऊन तूच तिथे जा, तीस तारखेच्या आत. ते वाट बघतायत. त्यांनी विचारलं, भाचीचं नाव काय, तर मी आपलं भिंगरी सांगितलं.

पुस्तकात माझं नाव पूर्ण घाल.

मावशी